दुपारची भाकर व धन्याचा वेळ



शेतावर, कारखान्यांत, शाळेंत किंवा कचेरींत मोलानें काम करणाऱ्या प्रत्येक मनुष्यापुढें दुपारच्या वेळीं एक प्रश्न उभा राहतो. तो इतका साधा आहे कीं, त्यास नीतीचा प्रश्न म्हणावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. प्रश्न हा कीं, भाकर खाण्याकरितां आणि क्षणभर पाठ टेकण्याकरितां जो वेळ जातो तो कोणाचा? ज्यानें दिवसाची मजुरी ठरविली त्या धन्याचा, कीं ज्याचे हात राबतात त्या कामकऱ्याचा? धन्याचा म्हणावा, तर जेवावयास बसणारा प्रत्येक मजूर दुसऱ्याच्या मालकीची वस्तु घेतो असें होईल. कामकऱ्याचा म्हणावा, तर तो त्यास न देणारा धनी दुसऱ्याचें धन अडवून ठेवणारा ठरेल. दोहोंपैकीं एकाच्या माथीं दोष येतोच. म्हणून ह्या गोष्टीचा विचार करणें अगत्याचें आहे.

एका गांवची हकीकत सांगतों. उन्हाळी कांद्याच्या काढणीचे दिवस होते. एका शेतकऱ्याच्या रानांत अकरा बाया रोजानें लागल्या होत्या. सकाळपासून कांदा उपटून पात कापण्याचें काम चाललें होतें. दुपार झाली तेव्हां त्यांतील वडील बाई म्हणाली, "दादा, दोन घांस खाऊन घेतों." शेतकऱ्यानें आभाळाकडे बोट दाखविलें व म्हटलें, "मावशी, ढग भरून आले आहेत. एवढा वाफा होऊं द्या, मग खुशाल बसा." तो वाफा संपला तेव्हां दुसरा दाखविण्यांत आला, आणि दुसऱ्यामागून तिसरा. इतक्यांत ट्रॅक्टरचें इंजिन तापलें, म्हणून तें निंबाच्या सावलींत उभें करून ठेविलें. शेतकऱ्याच्या घरून डबा आला. तोही त्याच निंबाखालीं बसून जेवला. बायांनीं मात्र ओणव्यानेंच पदराआडून भाकरीचे तुकडे तोंडांत टाकण्यास आरंभ केला. कोणी पाण्याचें निमित्त करून बांधाआड गेली, ती लवकर परतली नाहीं. तें पाहून शेतकरी ओरडला, "ही कामाची चोरी आहे!" तीन वाजतां एक तरुण बाई भोवळ येऊन पडली. तिला गूळपाणी दिलें, सावलींत नेलें, आणि त्या धांदलींत सगळ्यांचेंच काम थांबलें.

हा शेतकरी दुष्ट नव्हता. त्याच्या डोक्यावर कर्ज होतें. त्याचें भय खोटेंही नव्हतें, कारण संध्याकाळीं पाऊस खरोखर आला व राहिलेला कांदा भिजला. म्हणूनच ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. दुष्टाचा अन्याय सर्वांस दिसतो. भल्या मनुष्याच्या हातून अडचणीच्या वेळीं जो अन्याय होतो, तो त्याचा त्यासही दिसत नाहीं.

आतां त्या शेतकऱ्याच्या बाजूनें जें बोलतां येईल तें प्रथम ऐकूं. तो म्हणेल, "मीं दिवसाचे पैसे मोजले आहेत. तो दिवस माझा आहे." परंतु त्यानें विकत घेतला तो कोणता दिवस? तो मनुष्याचा दिवस होय, आणि मनुष्याच्या दिवसांत दुपार असते. जो बैल भाड्यानें आणतो, त्यास वैरण व पाणी ह्यांकरितां बैल सोडावा लागतो, आणि तेवढा वेळ आपण फसलों असें तो म्हणत नाहीं. आपल्या वाडवडिलांनीं ऐन दुपारीं औत सोडून बैलांस झाडाखालीं बांधलें, तें बैलांवर उपकार म्हणून नव्हे. बैल सोडणें हा नांगरटीचाच भाग आहे असें ते समजत. त्या शेतकऱ्यानें तापलेलें इंजिन सावलींत उभें केलें, तेव्हां त्यासही हीच समजूत होती. लोखंडाला विसांवा लागतो हें ज्यास समजतें, त्यास हाडामांसाला लागतो हें समजत नसेल असें कसें म्हणावें? परंतु लोखंड बिघडलें तर दुरुस्तीचा खर्च त्याच्या पदरीं येतो, आणि मजूर बाई आजारी पडली तर खर्च तिच्या घरीं जातो. ह्या भेदामुळेंच एक गोष्ट दिसते व दुसरी दिसत नाहीं.

तो आणखी म्हणेल, "प्रसंगच तसा होता." हें बोलणें अगदींच टाकाऊ नाहीं. आग लागली असतां, पूर आला असतां, किंवा कोणी मरणाच्या दारीं असतां कोणताही समंजस मनुष्य भाकरीची वेळ पाहत बसत नाहीं. परंतु खऱ्या प्रसंगाची परीक्षा तीन प्रश्नांनीं करितां येते. धनी स्वतः उपाशी राहिला काय? त्यानें हुकूम केला, कीं विनंती केली? आणि घेतलेला वेळ त्यानें मागाहून फेडला काय? ज्या प्रसंगांत धन्याचा डबा वेळेवर उघडतो व मजुराचें गांठोडें तसेंच बांधलेलें राहतें, तो प्रसंग दोघांचा नाहीं. तेथें नुकसानीचें भय धन्याचें असतें आणि त्या भयाची किंमत मजुराचें पोट देतें.

ह्या ठिकाणीं रूथच्या पुस्तकांतील बवाजाची आठवण वाचकांस झालीच असेल. तेथेंही कापणीचे दिवस होते, आणि कापणीच्या दिवसांत कोणत्याही शेतकऱ्यास घाई असतेच. तरी भोजनाची वेळ झाली तेव्हां त्या धनवान् मनुष्यानें सरवा वेंचणाऱ्या परदेशी विधवेस जवळ बोलाविलें. ती कापणी करणाऱ्यांच्या शेजारीं बसली व त्यानें आपल्या हातानें तिला हुरडा दिला. ती तृप्त होईपर्यंत जेवली आणि तिच्याजवळ शिल्लकही उरलें. त्या शेतांत जेवणाची वेळ ठरलेली होती, ती मागून घ्यावी लागत नव्हती, आणि धनी व मजूर एकाच ठिकाणीं जेवत होते, ह्या गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत.

जेथें अशी वेळ ठरलेली नसते तेथें काय होतें, हें आपल्याच प्रांताच्या इतिहासावरून पाहूं. मुंबईंत कापडाच्या गिरण्या निघाल्या, त्या काळीं सामान्यतः सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. उन्हाळ्यांत हा दिवस तेरा तासांचा होई. १८८१ सालच्या कारखाने कायद्यानें लहान मुलांस रोज एक तासाची विश्रांति ठरवून दिली, परंतु मोठ्या माणसांविषयीं तो कायदा मुका होता. तेव्हां जोतीराव फुले ह्यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईंत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. त्यांतून एक अर्ज तयार झाला व त्यावर साडेपांच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. त्या अर्जांतील मागण्या मोठ्या नव्हत्या. रविवारीं सुटी असावी, दुपारीं अर्ध्या तासाची सुटी असावी, काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावें, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा, आणि कामावर जखमी झालेल्याची कांहीं सोय व्हावी. वाचकहो, तेरा तासांच्या दिवसांतून अर्धा तास! एवढ्यासाठीं साडेपांच हजार माणसांस अर्ज करावा लागला.

पुढें २४ एप्रिल १८९० रोजीं दहा हजार कामगारांची सभा भरली. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यानें दुपारीं बारा व दोन ह्यांच्या दरम्यान अर्धा तास काम बंद ठेवण्याचा नियम घालून दिला. मुंबईंत घरचें जेवण कामाच्या जागीं पोहोंचविण्याचा डबेवाल्यांचा धंदा त्याच सुमारास, १८९० सालीं, सुरू झाला असें सांगतात. मावळांतून व खेड, जुन्नर ह्या बाजूंहून आलेले हे लोक इतरांचे डबे वेळेवर पोहोंचवितात आणि मग स्वतः एकत्र बसून आपापली भाकर सोडतात. ज्यांचा धंदाच दुसऱ्याच्या दुपारच्या जेवणावर चालतो, त्यांनीं स्वतःच्या जेवणाचीही वेळ राखिली आहे, हें पाहून संतोष वाटतो.

त्या काळीं सुटीच्या विरुद्ध जीं कारणें पुढें येत, त्यांतील एक विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. असें म्हणत कीं, कामगार दिवसांतून वरचेवर यंत्र सोडून बाहेर जातात, कोणी खातो, कोणी विडी ओढतो, तेव्हां त्यांचे तास दिसतात तितके कठीण नाहींत. ही गोष्ट बरीच खरी होती. परंतु तिचा अर्थ काय? मनुष्यास विसांवा पाहिजेच. तो उघडपणें न दिला, तर तो चोरून घेईल. शरीर आपलें देणें वसूल केल्यावांचून राहत नाहीं. मग धनी पहारा ठेवितो, मजूर निमित्तें शोधतो, आणि दोघेही खोटें बोलूं लागतात. धनी म्हणतो, "मीं सुटी दिली नाहीं," परंतु ती गेलेलीच असते. मजूर म्हणतो, "मी कामावरच होतों," परंतु तो नसतो. आमच्या कांद्याच्या शेतांत हेंच झालें. ज्या बाया घरीं सुतळीचा तोडाही न विचारतां घेणार नाहींत, त्यांस स्वतःची भाकर पदराआड लपवून खावी लागली, आणि वर चोर हें नांव मिळालें. एका मनुष्यास त्याच्या हक्काची वस्तु चोरून घ्यावयास लावणें ह्यापरतें त्याचें दुसरें नुकसान कोणतें? भूक संध्याकाळीं भागते. परंतु आपण लपून खाणारीं माणसें आहों ही समजूत मनांत घर करून बसते.

आमच्या मतें ह्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. दुपारची सुटी ही धन्याची दया नव्हे व मजुराचा आळसही नव्हे. तें एक देणें आहे, आणि तें उघड्यावर, ठरल्या वेळीं, न मागतां चुकतें केलें असतां देणारा व घेणारा दोघेही प्रामाणिक राहतात. कोणी म्हणतात कीं, विसांवा दिल्यानें काम अधिक होतें, म्हणून तो द्यावा. असें पुष्कळदां घडतें, आणि त्या दिवशीं भोवळ आलेल्या बाईमुळें जो वेळ गेला तो अर्ध्या तासाहून थोडा नव्हता. परंतु हिशेब उलट निघाला असता, तरी देणें तें देणेंच. सावकाराचे पैसे फेडल्यानें फायदा होईल काय, असें आपण विचारीत नाहीं.

कायद्यानेंही पुढें हेंच मान्य केलें. १९२२ मध्यें सहा तासांच्या कामानंतर एक तासाची विश्रांति ठरली. १९४८ च्या कारखाने कायद्यानें पांच तासांहून अधिक काम सलग घेतां येणार नाहीं, मध्यें निदान अर्धा तास सुटी असावी, असें ठरविलें. दीडशेंहून अधिक कामगार असतील तेथें जेवणाची वेगळी खोली असावी असेंही त्यांत होतें, आणि अशी खोली असल्यास कामाच्या जागीं बसून कोणीं खाऊं नये असा निर्बंध होता. ह्या शेवटच्या गोष्टींत मोठें शहाणपण आहे. यंत्राजवळ बसून खाणारा मनुष्य अर्धा कामावरच असतो. जेवतांना त्यानें तेथून उठावें, हात धुवावे, चार माणसांत बसावें, हें त्याच्या मनुष्यपणास शोभतें. परंतु ते कायदे कारखान्यांचे होते. शेताच्या बांधावर तसला निरीक्षक कधीं आला नाहीं. तेथें पाहणारा कोणी नसल्यामुळें सर्व भार धन्याच्या विवेकबुद्धीवर येऊन पडतो.

येथपर्यंत वाचून कोणी मनांत म्हणेल, "आम्हीं कोठले धनी? आम्हीच दुसऱ्याच्या बांधावर राबतों." परंतु थोडें थांबा. ज्याच्याजवळ दोन एकर रान आहे तो सुगीच्या चार दिवसांत धनी होतो. आणि ज्याच्याजवळ कांहींच नाहीं, त्याच्या घरींही एक कामकरीण असते. ती पहाटे उठून भाकरी थापते, रानांत सर्वांबरोबर खुरपते, आणि दुपारीं सर्व बसले म्हणजे तीच वाढते. कोणास पाणी हवें, कोणास मीठ हवें, लेंकरूं रडतें, त्यास घ्यावयाचें. तिचा घांस उभ्यानें होतो, व तो गिळण्याच्या आधीं पुरुष तंबाखू मळून उठलेले असतात. तिचा अर्धा तास कोणत्या कायद्यांत लिहिला आहे? मालकाच्या अन्यायाची तक्रार करणाऱ्या कित्येक पुरुषांनीं हाच अन्याय आपल्या घरीं पिढ्यानुपिढ्या चालविला आहे, आणि तो अन्याय आहे हें त्यांच्या ध्यानींमनींही नसतें.

दुसरा प्रश्न उक्त्या कामाचा आहे. रोजंदारींत धनी वेळ विकत घेतो. उक्त्यांत तो काम विकत घेतो, व वेळ मजुराचा मजुराजवळच राहतो असें म्हणतात. ऊसतोडीकडे पाहा. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास निघून साखर कारखान्यांच्या भागांत कोप्या घालून राहतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती टनावारीं फेडावयाची असते, आणि खाडा झाला तर दंड बसतो. फडांत त्यांस कोणीही "जेवूं नका" असें सांगत नाहीं. तरी ते कसेबसे चार घांस खाऊन उठतात, कारण बसलेली प्रत्येक घटका उचलींतून फिटत नाहीं, आणि गाडी आली तर मोळ्या रात्रींही भरून द्याव्या लागतात. येथें पहारेकऱ्याची गरज उरत नाहीं, मनुष्याचें कर्जच त्याचा पहारेकरी होतें. अशा मनुष्यास "तूं स्वतःच विसांवा घेत नाहींस" असा दोष देणें क्रूरपणाचें आहे. दर ठरवितांना ज्यानें त्याच्या जेवणाचा वेळ हिशेबांत धरला नाहीं, त्यानेंच तो वेळ घेतला, मग तो फडांत हजर असो वा नसो. म्हणून जो कोणी उक्तें काम देतो, त्यानें दर असा धरावा कीं, मनुष्यासारखें जेवून खाऊनही तें काम करणारास पोटभर मिळेल.

आतां दोन शब्द कामकरी बंधुभगिनींस. जो वेळ आपला आहे तो उघडपणें घ्या. मागावयास लाजूं नका, आणि मिळाला असतां तो वाढवूं नका. अर्ध्या तासाचा पाऊण तास करणारा मनुष्य आपल्या सोबत्यांचा हक्क दुबळा करितो, कारण त्याच्याकडे बोट दाखवून धनी सर्वांची सुटी तोडतो. आणि तो वेळ ज्याकरितां आहे त्याकरितांच खर्च करा. हल्लीं पुष्कळ तरुण एका हातानें घांस घेतात व दुसऱ्या हातांतील मोबाइलवर डोळे लावितात. शेजारीं बसलेल्या सोबत्याच्या गांठोड्यांत आज भाकर आहे कीं नाहीं, हें त्यांस कळतही नाहीं. पूर्वीं रानांत गोल करून बसत, तेव्हां ज्याचें कोरड्यास कमी असे त्यास दुसऱ्याच्या भांड्यांतून मिळे. दुपारची सुटी शरीराकरितां आहे, परंतु शेजारधर्माची शाळाही तीच आहे.

कित्येक शिक्षक व प्रचारक ह्यांस वेगळाच मोह असतो. न जेवतां, न बसतां गांवोगांव फिरणें ह्यांत ते भूषण मानितात, व "आज पाणी प्यावयास सवड झाली नाहीं" असें संतोषानें सांगतात. त्यांनीं मार्काच्या सहाव्या अध्यायाकडे पाहावें. येणारेजाणारे इतके होते कीं शिष्यांस जेवावयासही सवड होईना, तेव्हां त्यांच्या गुरूनें त्यांची वाहवा केली नाहीं. एकांतीं चला व थोडा विसांवा घ्या, असेंच त्यानें त्यांस सांगितलें. जो स्वतःस विसांवा देत नाहीं तो बहुधा हाताखालच्या मनुष्यासही देत नाहीं, आणि आपल्या उपासाचें माप तो सर्वांस लावितो.

शेवटीं त्या शेतकऱ्याकडे पुनः येऊं. काढणी दुसऱ्या दिवशींही चालावयाची होती. सकाळीं त्या वडील बाईनें येतांच विचारलें, "दादा, आज भाकर कधीं खावयाची तें आतांच सांगा." तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साडेबाराला, मावशी. निंबाखालीं." ती जागा आदल्या दिवशीं इंजिनाची होती. त्या दिवशीं ट्रॅक्टर उन्हांत उभा राहिला.

वाचकहो, येत्या सुगींत आपल्या बांधावर कोणीतरी राबत असेल, व आज दुपारीं आपल्या घरींही कोणीतरी वाढीत असेल. त्यांनीं विचारण्याच्या आधीं त्यांची वेळ सांगून टाका, आणि त्या वेळीं त्यांच्या पंक्तीस बसा.